दूरचें यंत्र आणि हाताखालची कळ

कचेरींतील संगणक कचेरींतच राहावा आणि त्यावर काम करणाऱ्यानें तो आपल्या घरीं बसून चालवावा, ही गोष्ट आतां नवलाईची राहिलेली नाहीं. मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हांपासून तर ती अनेक घरांच्या नित्य व्यवहारांत येऊन बसली. ठाण्यांतील एखादा हिशेबनीस दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत बसतो. त्याच्यापुढील पडद्यावर फोर्टमधील कचेरीच्या यंत्राचें चित्र उमटतें आणि त्याच्या बोटांच्या आज्ञा तेथें जाऊन पोंचतात. यंत्रें दोन, पण पडदा एकच. घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

शुक्रवारीं सायंकाळीं काम आटोपल्यावर हा गृहस्थ सवयीनें पॉवरच्या चिन्हाकडे वळतो. तेथें डिस्कनेक्ट, शट डाऊन, रीस्टार्ट अशीं नांवें जवळजवळ लागलेलीं असतात. डिस्कनेक्टनें केवळ जोडणी सुटते. कचेरींतील यंत्र चालूच राहतें. शट डाऊननें तें यंत्रच विझतें. कित्येकदां तर यादीकडे जाण्याचेंही कारण पडत नाहीं. पडदा पूर्ण व्यापलेला असतां ऑल्ट आणि एफ-४ या कळा दाबल्या, तर त्या घरच्या यंत्राला न लागतां दूरच्या यंत्राला लागतात, आणि तेथें एकही खिडकी उघडी नसेल तर बंद करण्याचीच पेटी समोर उभी राहते. तिजवर एंटर दाबलें कीं कार्यभाग उरकला!

घरचें यंत्र चुकून बंद झालें तर हात लांबवून पुन्हां चालू करतां येतें. दूरच्याचें तसें नाहीं. बंद करण्याची आज्ञा तारेवरून गेली खरी. परंतु ती घेणारें यंत्र निजल्यावर ‘ऊठ’ म्हणून सांगावयाचें कोणास? कचेरीला कुलूप, किल्ली मालकांकडे, आणि सोमवारीं सकाळीं पगारपत्रक हवें. तेंच यंत्र दहा जणांच्या सामाईक वापरांतील सर्व्हर असलें, तर एकाच्या बोटामुळें दहा जणांचें न सांठविलेलें काम बुडतें.

२००९ सालच्या विंडोज ७ मध्यें या बाबतींत थोडा शहाणपणा होता. दुरून जोडलेल्या यंत्राच्या स्टार्ट यादींत शट डाऊनच्या जागीं लॉग ऑफ आणि डिस्कनेक्ट हींच नांवें दिसत. २०१५ च्या विंडोज १० मध्यें तीं पुन्हां शेजारीशेजारी आलीं. सोय वाढली हें खरें. पण दारावरचा शिपाई उठून गेला.

तो पुन्हां बसवितां येतो. जें यंत्र दुरून चालवावयाचें त्यावर, तेथील अधिकाऱ्याच्या संमतीनें, ग्रुप पॉलिसी एडिटर उघडावा. विंडोजच्या होम आवृत्तींत तो नसतो; परंतु त्या आवृत्तीचें यंत्र रिमोट डेस्कटॉपनें दुरून चालवितांही येत नाहीं, म्हणून त्याची उणीव भासूं नये. यूजर कॉन्फिगरेशन, त्याखालीं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्याखालीं स्टार्ट मेनू अँड टास्कबार, अशा पायऱ्या उतरत गेलें कीं शट डाऊन, रीस्टार्ट, स्लीप व हायबरनेट या आज्ञा काढून टाकणारा एक लांबलचक नांवाचा नियम सांपडतो. तो लागू केला म्हणजे यादींतून त्या आज्ञा नाहींशा होतात, आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनंतरच्या पडद्यावरील पॉवरचें बटणही जातें. काम संपल्यावर पडद्याच्या माथ्यावरील पट्टींतील फुलीवर टिचकी मारावी. जोडणी सुटते, यंत्र जागें राहतें.

यादींतून नांव पुसलें म्हणजे हक्कही गेला, असें मात्र नव्हे. शटडाऊनची आज्ञा अक्षरांनीं लिहून दिली तर ती या नियमानें अडत नाहीं. त्यासाठीं लोकल सिक्युरिटी पॉलिसींतील हक्कांची नोंद पाहावी लागते. साध्या यंत्रावर बंद करण्याचा हक्क सामान्य वापरणाऱ्यांसही दिलेला असतो. सर्व्हरवर तो ॲडमिनिस्ट्रेटर व बॅकअप ऑपरेटर यांपुरताच असतो. साध्या यंत्रावरही सामान्यांचें नांव त्या नोंदींतून काढावें आणि रोजचें काम सामान्य खात्यानेंच करावें, हें उत्तम. सर्वाधिकाराचें खातें घेऊन पत्रें टंकणारे पुष्कळ आहेत. त्यांना कोणताच नियम फारसा तारीत नाहीं.

‘खरोखर बंद करूं काय?’ असा नुसता प्रश्न विचारणें हा दुबळा उपाय होय. चार दिवसांत हाताला ‘होय’ म्हणण्याची संवय जडते. डेबियन या लिनक्सच्या शाखेंत मॉली-गार्ड नांवाचें एक छोटें साधन आहे, त्याची युक्ति अधिक चतुर आहे. दुरून एसएसएचनें आलेल्या माणसानें यंत्र बंद करावयास सांगितलें, कीं तें त्याला त्या यंत्राचें नांव टंकावयास लावतें. नांव चुकलें तर आज्ञा रद्द. ज्याच्या मनांत घरचें यंत्र आहे, तो घरच्याच यंत्राचें नांव लिहितो आणि तेथेंच सांपडतो! या नांवामागें संगणकशास्त्रज्ञांच्या बोलींत एक कथा सांगतात. आयबीएम ४३४१ हें १९७९ सालीं आलेलें मोठें यंत्र. एका प्रोग्रॅमरच्या मॉली नांवाच्या चिमुरड्या मुलीनें त्याचें मोठें तांबडें बटण एकाच दिवसांत दोनदां दाबलें, तेव्हां त्यावर पारदर्शक झांकण बसविण्यांत आलें.

इतकें करूनही यंत्र विझलेंच, तर वेक-ऑन-लॅन ही सोय उरते. यंत्र बंद असतांही त्याचें जाळ्याशीं जोडलेलें कार्ड अर्धवट जागें ठेवतां येतें. त्याच्याकडे १०२ बाइटांचा एक ठराविक संदेश धाडला, कीं तें यंत्राला उठवितें. परंतु ही सोय यंत्राच्या मूळ मांडणींत आधींच चालू करून ठेवावी लागते. आणि हा संदेश सामान्यतः त्याच कचेरीच्या जाळ्यांतून निघावा लागतो. म्हणून तेथें दुसरें एखादें यंत्र जागें आहे ना, आणि त्याच्यापर्यंत घरून पोंचतां येतें ना, हें शुक्रवार उजाडण्यापूर्वींच एकदां करून पाहिलेलें बरें.