गादीखालचं हाड



शाळेत भाषणाला उभं केलं की विषय दिलेला असायचा. आज तो मीच निवडलाय : गुडघा. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण आईच्या गुडघ्यांमुळे या विषयावर बरंच वाचलं, आणि आपल्या बॅचचंही आता ते वय आलंय.

आपण सहज म्हणतो, 'गादी झिजली', 'वंगण संपलं'. म्हणजे गुडघा हे जणू यंत्राचं बेअरिंग. वापरलं की झिजणारच. मग घरोघरी सल्ला मिळतो, 'आता चालणं कमी करा.' आईलाही तोच मिळाला होता.

ही गादी, म्हणजे कूर्चा, हाडाच्या टोकावरचा काही मिलिमीटरचा गुळगुळीत थर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. खालच्या हाडात मात्र दोन्ही आहेत.

आपल्यातले जे पुढे सांगलीला शिकायला गेले, त्यांना काळ्या मातीवरचे रस्ते आठवत असतील. वरचं डांबर कितीही चांगलं असो, खालची माती हलली की तडे वर दिसतात. 1970 च्या दशकात अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ एरिक रेडिन आणि एमआयटीतले इंजिनिअर इगोर पॉल यांनी सांध्याबद्दल असाच विचार मांडला. वारंवारच्या धक्क्यांनी हाडात सूक्ष्म तडे जातात, ते भरून येताना हाड कडक होतं, धक्का कमी शोषतं आणि तो कूर्चेला सोसावा लागतो.

पुढच्या संशोधनात चित्र अधिक गुंतागुंतीचं निघालं. सुरुवातीला हाडाची मोडणी-बांधणी वेगाने होऊन ते पातळ, सच्छिद्र होऊ शकतं. नंतर जाड होतं. हाडातल्या रक्तवाहिन्या वर कूर्चेत शिरतात. एमआरआयमध्ये हाडाच्या मज्जेत डाग दिसले, तर वेदना आणि कूर्चेची हानी जास्त असण्याची शक्यता असते. उलट, कूर्चा खराब झाली की हाडावरचा भारही बदलतो. दोघं एकमेकांना बिघडवतात.

म्हणून सांधा हे निर्जीव बेअरिंग नव्हे. कूर्चेला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, दाब पडून सुटताना. बसून राहिलं तर तेही कमी होतं आणि मांडीचे स्नायूही दुबळे होतात. झेपेल एवढं चालणं, मांडीचे व्यायाम, आटोक्यातलं वजन, हे सगळं हाड आणि गादी दोघांसाठी आहे. गुडघा सुजला, अडकला किंवा जुनी दुखापत पुन्हा बोलू लागली, तर मात्र अंगावर काढू नका.

बाई, तुम्ही वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून आम्हाला शिकवलंत. तुम्हाला कुणी 'आता बसूनच राहा' म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा, 'किती चालू?'

उद्या सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायचं ठरलंय. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, तेव्हा सावकाश उतरू. ज्यांना चढ जमणार नाही, त्यांच्याबरोबर मी पायथ्याशी फिरेन.