चिठ्ठी मधे कोणी वाचली?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून सगळे विचारताहेत, "तू नेमकं करतोस काय?" उत्तरासाठी आपल्या वर्गातली चिठ्ठी आठवा. शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर पोहोचेपर्यंत ती मधल्या चौघांनी वाचलेली असायची. पण घडी पुन्हा तशीच, त्यामुळे पत्ता लागायचा नाही.

इंटरनेटवरचे निरोपही असेच अनेक हातांतून जातात. त्यांना कुलूप असतं. पण त्यातली बरीच कुलपं, अतिशय मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे, एवढ्याच भरवशावर टिकून आहेत. मोठा क्वांटम संगणक झाला तर ते सोपं होईल, हे पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवलं. तसा संगणक अजून झालेला नाही. पण आजचे निरोप साठवून तेव्हा उघडता येतील. तुमच्या आजारपणाचे रिपोर्ट वीस वर्षांनीही खासगीच राहायला हवेत ना?

यावर एक उपाय बेनेट आणि ब्रासार्ड यांनी १९८४ मध्येच सुचवला होता. कुलपाची किल्ली प्रकाशाच्या एकेका कणावरून पाठवायची. मधे कोणी कण तपासला, तर त्याची अवस्था बिघडते आणि किल्लीत चुका दिसू लागतात. मग ती किल्ली टाकून द्यायची. म्हणजे चिठ्ठी उघडली गेली, हे कळतं!

पूर्वी यासाठी टेबलभर लेझर आणि आरसे लागत. २०१७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी एका चिपवरून दुसऱ्या चिपवर अशी किल्ली पाठवली. कण टिपणारे डिटेक्टर मात्र चिपबाहेरच होते. हे सगळं लहान आणि स्वस्त झालं, तरच ते बँका आणि दवाखान्यांपर्यंत पोहोचेल. माझ्यासारखे अनेक जण त्याच खटपटीत आहेत. भारतानेही २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. पलीकडे बसलेला माणूस खरा कोण, हे प्रकाशाचा कण सांगत नाही. ती ओळख वेगळी पटवावी लागते. फोनवरच्या भामट्याला आपणच ओटीपी सांगितला, तर कुठलीही चिप वाचवणार नाही.

तेव्हा सर, बाई, तुम्ही लावलेली "आधी पडताळा, मग उत्तर लिहा" ही सवय अजून उपयोगी पडते आहे.