नव्वद ग्रॅमचा हिशेब : उत्तर कोरियाच्या अण्वस्त्रांची कहाणी



जुन्या काळी पेढीवर खाती जुळविताना चार आण्यांचा फरक निघाला, तरी मुनीम दिवा मालवीत नसे. रक्कम क्षुल्लक असे. परंतु फरक कोठून आला हे कळल्यावाचून बाकीच्या वहीवर विश्वास कसा ठेवायचा, हा त्याचा प्रश्न असे. आजच्या व्याख्यानाचा विषय उत्तर कोरियाचा अण्वस्त्र-कार्यक्रम आणि त्यातून उद्भवलेला आंतरराष्ट्रीय तणाव हा आहे. विषय महासत्तांचा, क्षेपणास्त्रांचा आणि महायुद्धाच्या भीतीचा असला, तरी त्याचा उगम अशाच एका न जुळलेल्या हिशेबात, अवघ्या ९० ग्रॅमच्या नोंदीत आहे.

युद्ध थांबले, संपले नाही

कोरियाचे युद्ध १९५० साली पेटले आणि २७ जुलै १९५३ रोजी थांबले. त्या दिवशी झाला तो केवळ युद्धविराम. शांततेचा तह त्यानंतर आजतागायत झालेला नाही. उभय पक्षांचा परस्परांवर इतका अविश्वास होता की, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना कोणी सांभाळायचे, यावरही एकमत होईना. अखेर ती जबाबदारी भारताकडे आली. जनरल थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले आणि भारतीय जवानांनी १९५४ च्या आरंभापर्यंत त्या कैद्यांचा सांभाळ केला. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही अशा दोघांत व्यवहार व्हावयाचा, तर दोघांनी मान्य केलेला तिसरा साक्षीदार लागतो, हे त्या भूमीने तेव्हाच पाहिले होते. पुढील सारी कथा अशाच एका साक्षीदाराच्या येण्याची आणि जाण्याची आहे.

वही आणि तिची तपासणी

उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांगच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर योंगब्योन येथे ५ मेगावॉटची एक अणुभट्टी १९८६ साली सुरू झाली. नैसर्गिक युरेनियम आणि ग्रॅफाइट यांवर ती चालते. तिला समृद्ध युरेनियम लागत नाही की जड पाणी लागत नाही. म्हणूनच एका गरीब, एकाकी देशाला ती स्वबळावर उभारता आली. तिच्यापासून मिळणारी वीज नगण्य होती. परंतु तिच्यात जळालेल्या इंधनकांड्यांत प्लुटोनियम तयार होते, आणि त्या कांड्या आम्लात विरघळवून ते वेगळे काढता येते. या क्रियेला पुनर्प्रक्रिया म्हणतात. अण्वस्त्राचा मार्ग तेथूनच जातो.

उत्तर कोरियाने १९८५ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर स्वाक्षरी केली होती. मात्र त्यानुसार तपासणीला मान्यता देण्यास १९९२ साल उजाडले. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक योंगब्योनला पोहोचले. सरकारने त्यांच्या हाती जी नोंद दिली तीत म्हटले होते की, काही सदोष कांड्यांवर १९९० साली एकदाच प्रयोग केला आणि त्यातून सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम मिळाले.

निरीक्षकांनी प्रयोगशाळेतील उपकरणांवरून सूक्ष्म नमुने पुसून घेतले. किरणोत्सारी द्रव्याचा एक गुण असा की, ते आपले वय लपवू शकत नाही. काळ जातो तसे त्याचे ठरावीक प्रमाणात दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होते. त्यावरून ते केव्हा वेगळे काढले गेले हे सांगता येते. नमुन्यांनी सांगितले की पुनर्प्रक्रिया एकदा नव्हे, निदान तीनदा झाली आहे. मग उरलेले प्लुटोनियम कोठे गेले? ते काही ग्रॅम होते की काही किलोग्रॅम? एका बॉम्बसाठी ८ किलोग्रॅम प्लुटोनियम पुरेसे मानून ही संस्था आपला हिशेब ठेवते. हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

संस्थेने फेब्रुवारी १९९३ मध्ये दोन अघोषित जागांच्या विशेष तपासणीची मागणी केली. त्या लष्करी जागा आहेत, असे उत्तर आले. लगेच मार्चमध्ये उत्तर कोरियाने करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. अशी नोटीस तीन महिन्यांनी अमलात येते. अमेरिकेशी बोलणी झाली आणि मुदत संपण्यास एकच दिवस उरला असताना ती स्थगित करण्यात आली. हा शिल्लक राहिलेला एक दिवस श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा.

१९९४ : युद्धाच्या उंबरठ्यावर

मे १९९४ मध्ये उत्तर कोरियाने भट्टीतील सुमारे ८,००० कांड्या बाहेर काढण्यास प्रारंभ केला. कोणती कांडी भट्टीत कोठे होती आणि किती काळ होती, यावरून त्या भट्टीचा सारा पूर्वेतिहास वाचता आला असता. निरीक्षकांनी निवडक कांड्या वेगळ्या राखण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. वहीची पानेच विस्कटून टाकावीत तसे झाले. शिवाय त्या कांड्यांत पाच-सहा बॉम्बना पुरेल इतके प्लुटोनियम होते.

अमेरिकेने योंगब्योनवर हल्ल्याचा विचार केला. परंतु दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि उत्तरेच्या तोफा तिच्यावर रोखलेल्या आहेत. युद्ध झाल्यास पहिल्या ९० दिवसांत ५२,००० अमेरिकी आणि ४ लाख ९० हजार दक्षिण कोरियाई सैनिक मृत वा जखमी होतील, असा लष्करी अंदाज राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यापुढे मांडण्यात आला. जूनमध्ये सोलमधील लोक घरात तांदूळ आणि शेवया साठवू लागले.

अशा वेळी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १५ जून १९९४ रोजी पायी सीमारेषा ओलांडून उत्तरेत गेले आणि किम इल-सुंग यांना भेटले. वॉशिंग्टनमध्ये कोरियात जादा सैन्य धाडण्याविषयी बैठक चालू असतानाच त्यांचा दूरध्वनी आला : किम कार्यक्रम गोठविण्यास आणि निरीक्षकांना राहू देण्यास तयार आहेत. ८ जुलैला किम इल-सुंग निधन पावले, तरी बोलणी थांबली नाहीत. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हा येथे करार झाला.

कराराचा व्यवहार सरळ होता. उत्तर कोरियाने योंगब्योनची भट्टी, पुनर्प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि दोन मोठ्या भट्ट्यांचे बांधकाम बंद ठेवावयाचे. अमेरिकेने १,००० मेगावॉटच्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या दोन भट्ट्या २००३ पर्यंत उभारून देण्याची व्यवस्था करावयाची, आणि तोवर दरवर्षी ५ लाख टन जड इंधन तेल पुरवावयाचे. कांड्यांवरील मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आवरण पाण्यात गंजते. म्हणून त्या एकेक करून पोलादी डब्यांत बंद करण्यात आल्या. डब्यांवर आंतरराष्ट्रीय संस्थेची मोहोर उमटली आणि निरीक्षक तेथे राहू लागले. पुढची आठ वर्षे योंगब्योनमधून एक ग्रॅमही प्लुटोनियम काढले गेले नाही.

दोन्हीकडील उणिवा

मात्र कराराची शाई वाळते न वाळते तोच अमेरिकी काँग्रेसमध्ये त्याच्या विरोधकांचे बहुमत झाले. तेलासाठी निधी वेळेवर मंजूर होईना. जहाजे उशिरा पोहोचत. २००३ साली पूर्ण व्हावयाच्या भट्ट्यांचे पहिले काँक्रीट ऑगस्ट २००२ मध्ये पडले. संबंध सुरळीत करण्याचे आश्वासन बहुतांशी कागदावरच राहिले.

दुसरीकडे उत्तर कोरियाने करारातील शब्द पाळले, परंतु त्याचा हेतू पाळला नाही. प्लुटोनियमचा दरवाजा बंद असताना त्याने युरेनियम समृद्धीकरणाची खिडकी उघडली. या चोरवाटेचा एक धागा आपल्या शेजारी देशात होता. पाकिस्तानचे अब्दुल कादीर खान यांनी उत्तर कोरियाला सुमारे दोन डझन सेंट्रिफ्यूज यंत्रे दिली, असे परवेझ मुशर्रफ यांनीच २००६ साली आपल्या आत्मकथनात नमूद केले. क्षेपणास्त्रांची ये-जा त्याआधीपासून चालू होती; जून १९९९ मध्ये भारताने कांडला बंदरात 'कु वोल सान' हे उत्तर कोरियाचे जहाज अडविले, तेव्हा त्यावर क्षेपणास्त्रांचे सुटे भाग सापडले. याच दशकात उत्तर कोरियात लाखो माणसे दुष्काळाने आणि उपासमारीने मेली. प्रजेच्या ताटातले काढून शस्त्र घडविणारी ती सत्ता होती, हे विसरता येत नाही.

जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराक व इराण यांच्यासह उत्तर कोरियाची गणना दुष्ट राष्ट्रांच्या अक्षात केली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे दूत जेम्स केली यांनी प्योंगयांगमध्ये समृद्धीकरणाचा विषय काढला. नोव्हेंबरमध्ये तेल बंद झाले. डिसेंबरमध्ये मोहोरा तोडण्यात आल्या आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी निरीक्षकांनी देश सोडला. १० जानेवारी २००३ रोजी उत्तर कोरियाने घोषित केले की, १९९३ ची नोटीस आता पुन्हा लागू होत आहे. आणि तिच्या मुदतीतील एकच दिवस उरला असल्याने दुसऱ्याच दिवसापासून आपण करारमुक्त आहोत. जवळजवळ दहा वर्षे राखून ठेवलेला तो एक दिवस असा खर्ची पडला.

साक्षीदार गेल्यानंतर

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सिगफ्रीड हेकर योंगब्योनला गेले. कांड्यांचे जलकुंड रिकामे होते. यजमानांनी त्यांच्या हाती काचेची एक बरणी दिली. तीत सुमारे २०० ग्रॅम प्लुटोनियम होते. ९० ग्रॅमच्या नोंदीवरून झालेला वाद आता बरणीत भरून पाहुण्याला दाखविला जात होता.

सहा राष्ट्रांच्या वाटाघाटींतून १९ सप्टेंबर २००५ रोजी एक आशादायक निवेदन निघाले. परंतु त्याच आठवड्यात अमेरिकेच्या अर्थखात्याने मकावच्या एका बँकेवर ठपका ठेवला. तेथील उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर गोठले आणि वाटाघाटीही गोठल्या. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली. जून २००८ मध्ये योंगब्योनचा शीतक मनोरा जगाच्या कॅमेऱ्यांसमोर पाडण्यात आला. पण तपासणी कशी व्हावी याच जुन्या मुद्द्यावर त्या वर्षाच्या अखेरीस बोलणी मोडली. २०१० साली हेकर पुन्हा गेले, तेव्हा त्यांना सुमारे २,००० सेंट्रिफ्यूज यंत्रांचे दालन दाखविण्यात आले.

२००६ ते २०१७ या काळात सहा चाचण्या झाल्या. पहिलीची शक्ती एक किलोटनही नव्हती. ३ सप्टेंबर २०१७ च्या सहावीची शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या कितीतरी पट होती. सिंगापूर (२०१८) आणि हनोई (२०१९) येथील शिखर-भेटींतून ठोस काही निघाले नाही. मार्च २०२४ मध्ये निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-मंडळाची मुदतवाढ रशियाने नकाराधिकार वापरून रोखली. अशा रीतीने आणखी एक साक्षीदार उठून गेला. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या २०२५ मधील अंदाजाप्रमाणे त्या देशाजवळ सुमारे ५० अण्वस्त्रे आहेत.

बोध

१९९४ चा करार म्हणजे फसवणुकीला दिलेले बक्षीस, असे त्याचे टीकाकार म्हणत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. चोरवाट खरोखरच निघाली होती. पण चोरवाट दिसली म्हणून मुख्य दरवाजावरचा पहारेकरी जाऊ द्यावा काय? समृद्धीकरणाचा संशय खरा होता. मात्र त्या वेळी ते बाल्यावस्थेत होते आणि ८,००० कांड्या मोहोरबंद होत्या. संशयाची चौकशी चालू ठेवून मोहोर राखता आली असती. मोहोर तुटताच पहिल्या बॉम्बचे प्लुटोनियम त्याच कांड्यांतून आले.

वैरी सज्जन झाल्यावर त्याच्याशी करार करू, असे म्हणणाऱ्याला करार करण्याची वेळ कधीच येत नाही. करार वैऱ्याशीच करावयाचा असतो, आणि म्हणूनच त्यात विश्वासापेक्षा तपासणीला, आश्वासनापेक्षा मुदतीला अधिक मोल असते. तेलाचे जहाज वेळेवर पोहोचणे आणि निरीक्षकाला हवी ती खोली उघडून मिणे, या दोन्ही गोष्टी दिसायला लहान. त्या पाळल्या गेल्या तोवर पाच-सहा बॉम्बचे द्रव्य डब्यांत निपचित पडून होते.

हिशेबातील फरक ग्रॅममध्ये असतो तेव्हाच तो शोधावा लागतो. तो अण्वस्त्रांच्या संख्येत मोजावा लागला, की शोधण्यासारखे काही उरत नाही. उरते ती केवळ त्याच्यासह जगण्याची सक्ती. सोलचे सुमारे एक कोटी नागरिक आज ती सक्ती भोगीत आहेत.