प्रायमसची झडप

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी 1892 साली बिनवातीचा, दाबावर चालणारा रॉकेलचा प्रायमस स्टोव्ह बनवला. 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेन यांच्या तुकडीकडेही तो होता. असा जुना पितळी स्टोव्ह घरात असेल, तर तो मोडीत घालू नका. बहुतेकदा बिघडलेली असते फक्त पंपाच्या तळाची झडप.

ही झडप हवा टाकीत जाऊ देते, परत येऊ देत नाही. आत बारीक स्प्रिंग आणि बुचाची किंवा रबराची छोटी गोळी असते. गोळी कडक झाली, चिरली, की दट्ट्या आपोआप वर येतो आणि पंपाच्या नळीत रॉकेल शिरते. ही खूण पक्की. दट्ट्या न अडता नुसता खाली जात असेल, तर मात्र दोष त्याच्या चामड्याच्या वायसरचा. तो तेलात भिजवावा.

दुरुस्तीआधी स्टोव्ह गार करा, हवेचा स्क्रू सोडून दाब काढा, टाकी रिकामी करा. झडप खोल असते, म्हणून लांब दांड्याचा पानाच हवा. पक्कड घातली तर पितळ सोलते. गोळी बदलताना शिशाचा वायसरही नवा घाला. रबर साधे नको, रॉकेल आणि उष्णता सोसणारे व्हिटॉन घ्या. झडप बसवल्यावर रिकाम्या टाकीत थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडा दिसला, तर काडी ओढू नका.