फळ्यावरचे नाव आणि पटावरचे पोर

(जिल्हा मेळाव्यात शालेय मुलांच्या गुणगौरवाच्या वेळी केलेले भाषण)



आपल्या मेळाव्याची सुरुवात एरवी कापसाच्या भावाने होते आणि शेवटही तिथेच होतो. आज पहिला तास आपण पोरांना दिला, हे बरे केले. शिष्यवृत्तीच्या यादीत आलेली, नवोदयला लागलेली, तालुक्याला धावण्यात पहिली आलेली, सगळी मुले इथे येऊन नारळ घेऊन गेली. एका पोरीला वही मिळाली तेव्हा तिची आई मागे पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून डोळे पुसत होती, ते आम्ही पाहिले. या मुलांची नावे आपल्या पत्रकात छापून येतील. त्यांच्या गुरुजींची आणि बाईंचीही यावीत, अशी आमची संपादकांना विनंती आहे.

पण टाळ्या चालू असताना आम्ही मनात दुसरीच मोजणी करीत होतो. या मुलांबरोबर पहिलीत नाव घातलेली बाकीची कुठे आहेत? ही मोजणी करायची सवय आम्हाला कोल्हापुरात लागली. ती कशी लागली, तेवढेच आज सांगायचे आहे.

डिसेंबरात आम्ही तिघे कार्यकर्ते एका बैठकीसाठी कोल्हापूरला गेलो होतो. मुक्काम राजारामपुरीत, एका ओळखीच्या घरी. ही वस्ती आखून वसवलेली; गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. पहिली गल्ली, सहावी गल्ली, आठवी गल्ली. गणपती बसायच्या दिवशी इथली आगमनाची मिरवणूक बघायला सारे शहर लोटते म्हणतात. आमच्यासारख्या कोरडवाहू माणसाला मात्र पहिल्यांदा दिसले ते नळाचे पाणी आणि रस्त्याने चाललेल्या उसाच्या गाड्या. त्या गाड्यांवर बसलेली पोरे कोणाची होती? आपल्याकडचीच. बीडची, परभणीची, उसतोडीला आलेल्यांची. शाळेच्या वेळेला ती मोळ्यांवर बसली होती.

सकाळी त्या घरचा नातू शाळेत निघाला. आम्हीही त्याच्या मागे निघालो. साधी प्राथमिक शाळा, मराठी माध्यमाची. दारातच मोठा फळा, त्यावर ऑइलपेंटने वर्षवार नावे रंगवलेली: शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी. शिष्यवृत्तीच्या राज्याच्या गुणवत्ता यादीत कोल्हापूर जिल्ह्याची मुले दर वर्षी दिसतात, हे आम्ही ऐकून होतो. आम्ही फळा वाचत उभे राहिलो. मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या. आम्ही कुठले, काय पिकवतो, सगळे विचारले आणि हसून म्हणाल्या, "फळा सगळेच वाचतात हो पाव्हणं. ही वही कोण बघत नाही." आणि त्यांनी टेबलावरची एक जाड वही आमच्यापुढे सरकवली.

ती वही गैरहजर मुलांची होती. रोज अकराच्या आत कोण आले नाही त्याचे नाव, कारण, आणि घरी कोण जाऊन आले त्याची सही. कारणे आपल्यासारखीच. धाकटा भाऊ आजारी. आई कामाला गेली. बाप बांधकामावर, मुक्काम हलला. बाई म्हणाल्या, "शिष्यवृत्तीची तयारी आम्ही जादा तासाला करून घेतो, त्यात काय विशेष नाही. पण जे पोर महिनाभर आलंच नाही, त्याला जादा तास तरी कसला देणार?"

आता हे कोल्हापूर कुठल्या मुशीतले, तेही सांगितले पाहिजे. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले ते १९१७ मध्ये. त्याआधी बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीपासून सुरुवात करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला तो नियम लावला होता. इंग्रजांच्या मुलखात काय होते? गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. आणि या सगळ्यांच्या आधी, १८८२ मध्ये, हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन जोतीराव फुल्यांनी मुलांना बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली होती. त्यांचा हिशोब शेतकऱ्याचा होता. सारा कुणब्याकडून घेता आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर करता, हा कुठला न्याय? दुसऱ्या वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरे केले. म्हणजे शेतकऱ्याचे दुखणे आणि शाळेचे दुखणे ही दोन खाती त्या माणसाने कधी वेगळी मांडलीच नाहीत. आपण मांडतो.

शाहू महाराजांनी वर्षाला एक लाख रुपये या कामी बाजूला काढले. १९१८ च्या मार्चमध्ये करवीर भागातल्या चिखली गावी पहिली शाळा उघडली. ही चिखली पंचगंगेच्या काठची. २०१९ च्या पुरात ती पाण्याखाली गेली होती. आपल्या गावाला पूर कसा असतो हे फक्त चित्रात माहीत. असो. पहिल्या वर्षी शाळा २७ आणि मुले १,२९६. १९२१-२२ मध्ये शाळा ४२० आणि मुले २२,००७. चार वर्षांत! १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सगळ्यांबरोबर एका शाळेत बसवण्याचा हुकूमही निघाला. आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता, महिन्याला एक रुपयापर्यंत. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती.

दंड आम्हाला पटत नाही, हे इथेच सांगून टाकतो. शेतकऱ्याला दंड करायला आधीच पुष्कळ खाती बसलेली आहेत. पण दंड करायचा तर आधी गावात शाळेच्या वयाचे पोर कुठले, आणि ते आले की नाही, हे मोजावे लागते. आम्हाला त्यातली ती मोजणी हवी आहे.

मोजणी आपल्याकडे कोण करते? जूनमध्ये पट लिहिला जातो. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन पेरणीत. तरी पोरे येतात, नवी पुस्तके असतात. दसरा उलटला, बोंडे फुटली, की बाके रिकामी व्हायला लागतात. आईने कमरेला फडके बांधले की पोरगी एक तर तिच्याबरोबर तासात, नाहीतर घरी पाळण्याजवळ. नोव्हेंबर, डिसेंबर, कुठे पार संक्रांतीपर्यंत. ज्वारीच्या कापणीला पुन्हा एक खाडा. ज्वारी आता कमी राहिली, म्हणून हा दुसरा खाडा कमी झाला, एवढाच सोयाबीनचा शाळेवर उपकार.

शिक्षणाचे महत्त्व सांगायला येणाऱ्या साहेबांसारखे आम्ही बोलणार नाही. वेचणीचा दर किलोमागे कुठे आठ, कुठे दहा-बारा. दहा-बारा वर्षांचे पोर दिवसाला दहा-बारा किलो वेचते. म्हणजे शंभरच्या आसपास रुपये. ज्या घरात डिसेंबरात दुकानदाराची उधारी उभी आहे, तिथे हे शंभर रुपये हौसेचे नसतात. आम्ही स्वतः हे केले आहे. आमच्या थोरल्या पोरीला पाचवीत दिवाळीनंतर पाच आठवडे शाळेत पाठवले नव्हते. त्याच पाच आठवड्यांत वर्गात अपूर्णांक शिकवून झाले. पोरगी परत गेली तेव्हा तिला छेद आणि अंश कळेना, गुरुजींना थांबायला वेळ नव्हता, आणि आम्ही तिला "तुझं डोकंच गणिताचं नाही" म्हणून मोकळे झालो. आज ती तिच्या पोराला गणित शिकवायला बसत नाही. भिते. राजारामपुरीत ती वही चाळताना आम्हाला ही गोष्ट आठवली आणि चहा गोड लागला नाही.

शिष्यवृत्तीची परीक्षा बघा. प्रत्येकी दीडशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका, भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५-२६ पासून पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाला आहे. रक्कमही २०२३ मध्ये वाढली. पाचवीच्या शिष्यवृत्तीला वर्षाला पाच हजार, आठवीच्या शिष्यवृत्तीला साडेसात हजार. चांगली गोष्ट आहे. पण बरीच वर्षे ही परीक्षा फेब्रुवारीत होत आली, म्हणजे वेचणीच्या पाठीवर. आपल्या पोराची स्पर्धा ज्याच्याशी आहे, त्याने ते तीन महिने तयारी केलेली असते. आज ज्या मुलांना आपण नारळ दिला, त्यांची हजेरी काढून पहा. हुशारी तर आहेच, पण त्यांच्या घरच्यांनी डिसेंबरात त्यांना वेचणीपासून वाचवले, हेही दिसेल. त्या आयांनाही एक नारळ द्यायला हवा होता. राहून गेले.

आता पटाची गोष्ट. २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आणला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त निघाल्या. बराच विरोध झाला. पण वीस हा आकडा आता आपल्या डोक्यावर टांगलेला आहे. आमच्या गावच्या शाळेचा पट गेल्या साली तेवीस होता, यंदा एकोणीस. चार पोरे पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली. त्या चारांत एक आमच्याच भावकीतले आहे, त्यामुळे आम्हाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

मराठी शाळा आता कोणाला नको, असे म्हणून आपण हात झटकतो. कोल्हापुरात तेही खोटे ठरलेले पाहिले. राजारामपुरीहून फार लांब नाही, जरगनगरला महापालिकेची शाळा आहे. मराठी माध्यमाची, सरकारी पगारावरच्या गुरुजींची. तिथे पहिलीच्या प्रवेशासाठी पाडव्याला पालक रांगा लावतात, आदल्या रात्रीपासून येऊन बसतात. त्याच शहरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले, तेही मराठीतच. तिथे नंबरांची स्पर्धा नाही, छडी नाही. पोराला स्वतः करून, बघून शिकू द्यायचे. लीलाताई २०२० मध्ये गेल्या. एक शाळा गुणवत्ता यादीत नाव काढते, दुसरी यादीच मानत नाही. आमचे मत विचाराल तर दोन्ही हव्यात. दोन्हींकडे पोर रोज येते, आणि आले नाही तर कोणाला तरी चुकल्यासारखे वाटते.

मग करायचे काय? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे दोनशे दिवस भरले पाहिजेत असे आहे. पण वर्षाचे वेळापत्रक ठरवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेचे काम, असेही त्याच कायद्यात आहे. हे फार थोड्यांना माहीत आहे. मुंबई-पुण्याच्या सुट्ट्या आपल्या बोंडांवर लादायचे काही कारण नाही. उन्हाळी सुट्टी कापा असे आम्ही म्हणणार नाही, मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही. आमची सूचना एवढीच आहे: वेचणीच्या दोन महिन्यांत शाळा सकाळची करा. साडेसात ते अकरा. सकाळी दव असते, ओला कापूस कोणी वेचत नाही. बाया शेतात जाईपर्यंत नऊ-दहा वाजतातच. तेवढ्यात पोराचे तीन तास होतात. पुढे ते घरच्या शेतात आईच्या हाताशी गेले, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदाही त्याला अडवत नाही, मात्र शाळा बुडता कामा नये. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला पाठवायचे नाही, हे मात्र पक्के. आणि पाळण्याजवळ बसणाऱ्या पोरींसाठी अंगणवाडी त्याच वेळेला उघडी पाहिजे, नाहीतर सकाळची शाळा फक्त मुलांची होईल. मागच्या बाजूने एक बाई आत्ता "हो हो" म्हणाल्या. त्यांना माहीत आहे.

हा ठराव जिल्हा परिषदेकडे नुसता संघटनेच्या कागदावर गेला तर फायलीत पडेल. तो शाळा व्यवस्थापन समित्यांकडून गेला पाहिजे. या समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या बाया असतात. आपल्यातल्या कितीजणांना आपल्या गावच्या समितीत कोण आहे हे माहीत आहे? हात वर करा. बघा, मंडपात किती हात आहेत ते तुम्हीच बघा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणायचे. एकावर यंदाचा जूनचा पट. दुसऱ्यावर गेल्या नोव्हेंबर-डिसेंबरची हजेरी, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. गुरुजी नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर समितीच्या अध्यक्षाला बरोबर घेऊन जा. उसतोडीला गेलेल्या घरांची पोरे तिसऱ्या कागदावर लिहा, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेगळी करायची आहे. कागद आमच्याकडे नको, त्या टेबलावर बसलेल्या सुमनताईंकडे द्या. पावती घ्या.