कोंबडीच्या खाद्यातील बुरशीविष : ओलाव्याचे अर्थकारण



1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले काही महिन्यांत दगावली. रोगजंतू सापडेना, म्हणून या रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. पुढे दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत निघाला. तिच्यावर वाढलेल्या ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या नावावरूनच त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले.

टर्की किंवा बदकाच्या मानाने कोंबडी हे विष अधिक सोसते, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने अडचण नेमकी इथेच आहे. मोठी मर झाली तर कारणाचा शोध घेतला जातो. अल्प मात्रेत मात्र यकृत हळूहळू बिघडते, वाढ खुंटते, अंडी घटतात, प्रतिकारशक्ती क्षीण होते. मानमोडीची लस देऊनही पक्षी आजारी पडले की ठपका लशीवर येतो. उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साधारण 60 ते 70 टक्के असतो. करार पद्धतीत पिले व खाद्य कंपनी पुरवते. शेतकऱ्याचा मोबदला मात्र किती खाद्यात किती वजन वाढले, यावर ठरतो. खाद्य सदोष असले तरी कपात त्याच्याच मोबदल्यातून होते, आणि पुरावा तर पक्ष्यांनी केव्हाच खाऊन संपवलेला असतो!

या विषाचे मूळ बहुधा मक्याच्या ओलाव्यात सापडते. खरीप मका अनेकदा परतीच्या पावसात भिजतो. साठवणुकीच्या मक्यात 13-14 टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. 18 टक्के ओलावा असलेला 100 किलो मका 14 टक्क्यांपर्यंत वाळवला, तर सुमारे 95 किलो उरतो. व्यापाऱ्याने दोन्ही मालांना एकच दर दिला, तर वाळवणाऱ्या शेतकऱ्याचे जवळजवळ पाच किलोंचे दाम बुडतात, मजुरी वेगळीच. अशा बाजारात ओला माल विकणे हा अडाणीपणा नव्हे, तो सरळ हिशेब आहे.

हा प्रश्न कोंबड्यांपुरता नाही. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या आदिवासीबहुल जिल्ह्यांत पावसात भिजलेला मका खाल्ल्याने यकृतदाह पसरला. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. घरची कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली. हे विष यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. ‘हिपॅटायटिस बी’ची बाधा असलेल्यांना धोका अनेक पटींनी वाढतो. अंडी व मांसात त्याचा अंश सामान्यतः अल्प उतरतो, दुधात तुलनेने अधिक. म्हणूनच दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-1 साठी किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे.

खाद्यात बेंटोनाइटसारखी माती मिसळल्यास पक्ष्याच्या आतड्यात काही विष शोषले जाते. हा उपाय उपयुक्त, पण उशिराचा. दाणे नंतर वाळवले आणि बुरशी मेली, तरी तयार झालेले विष उरतेच. नेहमीच्या शिजवण्यानेही ते पुरेसे नष्ट होत नाही. बाजार समितीच्या काट्याशेजारी ओलावामापक ठेवून कोरड्या मालाला त्या प्रमाणात चढा भाव देणे आणि कापणीच्या पंधरवड्यात भाड्याने वाळवणी यंत्र उपलब्ध करणे, यांवरील खर्च म्हणूनच गोदामाच्या अलीकडे व्हायला हवा.