आफ्रिका खंड शिकविताना
(शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचे नाव निघाले की मुले तीन गोष्टी चटकन सांगतात : वाळवंट, जंगल आणि दुष्काळ. एखादा ‘काळे खंड’ असे म्हणतो आणि वर्ग हसतो. त्या हसण्याकडे शिक्षकाने कानाडोळा करू नये, एवढीच आज आपणांस विनंती आहे.

प्रथम आकार पाहू. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आणि भारताच्या सुमारे ९ पट मोठी आहे. मुलांच्या हाती पृथ्वीचा गोल द्यावा, म्हणजे हा भ्रम फिटेल. या खंडातील ५४ राष्ट्रे आज संयुक्त राष्ट्रसंघाची सदस्य आहेत. तेव्हा ‘आफ्रिकेत लोक असे राहतात’ हे विधानच सदोष ठरते. ‘कोणत्या देशात? शहरात की खेड्यात?’ असे विचारण्याची सवय मुलांना लावावी.

दुसरा भ्रम इतिहासाचा. ग्रेट झिंबाब्वे येथे चुन्यावाचून रचलेल्या दगडी भिंती काही ठिकाणी सुमारे ११ मीटर उंच आहेत. त्या परकीयांनीच बांधल्या असाव्यात, असे गोऱ्या वसाहतवाल्यांचे म्हणणे होते. १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्सन यांनी उत्खनन करून त्या आफ्रिकी लोकांच्याच असल्याचे दाखवून दिले. पुढे १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने तेच नाव अभिमानाने धारण केले.

असे समज का पसरले? १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी या खंडावरील ताब्याचे नियम ठरविले; तेथे एकाही आफ्रिकी प्रतिनिधीस स्थान नव्हते. ज्यांची भूमी घ्यावयाची, त्यांना रानटी ठरविणे सोयीचे असते. आपल्या देशालाही ‘गारुड्यांचा देश’ म्हणून हिणविले गेलेच होते. जे आपणांस बोचले, ते आपण दुसऱ्यास कसे म्हणावे?

शिवाय हा खंड आपणांस परका नाही. आपल्या भाकरीची ज्वारी, बाजरी व नाचणी ही धान्ये मुळात आफ्रिकेतीलच. दख्खनच्या जमीन महसुलाला शिस्त लावणारा आणि खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविणारा मलिक अंबर हा मूळचा हबशी, म्हणजे इथिओपियाच्या भूमीतला. तो गुलाम म्हणून विकला गेला होता आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला.

तेथील दारिद्र्य किंवा दुष्काळ लपवावा, असे माझे म्हणणे नाही. तो सांगताना देश, साल आणि कारण सांगावे. आपल्याकडील १९७२ चा दुष्काळ म्हणजे सारा भारत नव्हे, हे मुलांना सहज पटते; तोच न्याय तेथेही लावावा.

पुस्तकातील चुकीचा समज पुढे कधीतरी दुरुस्त होतो. परंतु वर्गात हसण्यावारी नेलेली तुच्छता मुलाबरोबर मोठी होते आणि पुढे परक्या विद्यार्थ्याला भाड्याने खोली नाकारते. ती वेळीच थांबविणे आपल्या हाती आहे.